जाते म्हणू नये

१८ जून २०१८, सोमवार

विद्यार्थ्यांना रोज नोंद लिहायला लावायची आणि आपण चहा पीत ती नुसती तपासायची, हे बरं दिसणार नाही. म्हणून ही वही. दीनानाथने अप्पा बळवंत चौकातून आणून दिली आणि वर म्हणाला, "पहिली चार पानं लिहिशील, मग वाणसामानाच्या याद्या." एकोणतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला आपली एवढी ओळख झाली, हेच खूप.

आज मंजुरी आली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नवा विषय, 'सांस्कृतिक जाण'. आठ आठवडे वर्ग आणि मग निवडलेल्या दोघांनी फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या दोन शाखांत एक सत्र काढायचं. जाण्याआधी वीस प्रश्नांची चाचणी, प्रत्येक प्रश्नाला स्वतःच एक ते पाच गुण द्यायचे, परतताना तीच चाचणी, आणि मधल्या फरकावर अहवाल. फरक चांगला आला तर स्वतंत्र केंद्र होईल आणि मी त्याची प्रमुख. नाही आला तर सहा वर्षांनी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. मला घड्याळ नको आहे. हे वर्गात सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

२५ जून, सोमवार

बावीस जण. पहिल्याच दिवशी काम दिलं: तुमच्या घरातली अशी एक गोष्ट लिहा, जी परक्याला समजावून सांगावी लागेल. बहुतेकांनी हळदीकुंकू, उपवास, पुरणपोळी. परका म्हणजे जणू पर्यटन खात्याचा पाहुणा.

एका मुलीने एकच ओळ लिहिली होती. 'आम्ही निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच हाय, मॅडम."

मागचा बाक त्या 'हाय'ला हसला. मैना बेनकर, धायरीची. पाचवीपासून रोज बस बदलून शहरात शिकायला येते, पण गडबडली की घरची भाषा बाहेर पडते. तिच्या मदतीला नियाज बागवान धावला. त्याच्या घरी मंडईमागे तीन पिढ्यांचा फळांचा धंदा. "आमच्याकडेपण सेम, मॅडम. चुकून 'जाता हूँ' म्हटलं ना, अम्मी परत आत बोलावते, पाणी पाजते आणि 'आता हूँ' म्हणायला लावते. मग सोडते."

मला आयता धडा मिळाला. फळ्यावर लिहिलं: 'येते' म्हणजे 'जाते'. शब्द उलटा, अर्थ सुलटा. मग सांगितलं की तिकडे असलं चालणार नाही. तिकडे शब्दाचा तोच अर्थ. येते म्हणालात तर माणूस दार उघडं ठेवून वाट बघत बसेल. वर्ग हसला. मी म्हटलं, सवय व्हावी म्हणून उद्यापासून या वर्गातून बाहेर पडताना प्रत्येकाने जातो, जाते म्हणायचं.

तास संपल्यावर सगळे "जातो मॅडम", "जाते मॅडम" करत मजेत गेले. मैना काही न बोलता दाराच्या कडेकडेने निघून गेली.

१२ जुलै, गुरुवार

निवड आत्ताच करायला हवी, व्हिसाला वेळ लागतो. चाचणीत नियाज बहात्तर. हुशार आहे, कुठेही टाकला तरी दोन दिवसांत दुकानदाराशी गप्पा मारेल. दुसरी जागा कोणाला द्यायची यावर आज दिवसभर घोळ.

मैनाला एकेचाळीस. मुलाखतीला आलेल्यांत सगळ्यात कमी. समितीने दुसरी मुलगी सुचवली, अडुसष्टवाली, आधी दोनदा परदेशी जाऊन आलेली. मी मैनासाठी भांडले. समितीला सांगितलं की ज्यांना जग दिसलं नाही त्यांनाच ते दाखवायला हवं. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. अडुसष्टवाली फार तर ऐंशीला जाईल. एकेचाळीसवाली ऐंशीला गेली तर अहवाल कसा दिसेल, हा विचार माझ्या मनात आधी आला आणि जग दाखवण्याचा नंतर.

मुलाखतीत मी तिला विचारलं होतं, "तिकडे एकटीने राहावं लागेल. जमेल?"

"चालंल की."

"चालेल म्हणजे आवडेल का?"

ती बराच वेळ विचार करत राहिली आणि मग परत म्हणाली, "चालंल की, मॅडम."

जुळवून घेण्याच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं.

२१ जुलै, शनिवार

मैनाचे आईवडील विभागात येऊन गेले. वडील जयसिंग, पांढरा शर्ट, कमी बोलणारे. जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. त्यांनी फक्त "पोरगी शिकतीय तर शिकू द्या," एवढंच म्हटलं. आई सरुबाईंनी मात्र माझी तोंडी परीक्षाच घेतली.

"तिथं तिच्याशी बोलायला कोन हाय?"

मी म्हटलं, विद्यापीठ आहे, शेजारच्या खोल्यांत मुलं आहेत.

"आमच्या घरात अठरा मानसं हायत, मॅडम. ती कधी एकली झोपली न्हाई."

"म्हणूनच तर जायचं."

"आन ह्यो बागवानाचा मुलगा हाय ना संगं? मग बरं."

मग मला नियम सांगावे लागले. दोघांची गावं वेगळी, रेल्वेने तीन तासांचं अंतर. सत्र संपेपर्यंत एकमेकांना भेटायचं नाही. घरी फोन फक्त रविवारी. एकदा आपली माणसं भेटली की मुलं खोलीत खिचडी शिजवून बसतात आणि देश बघायचा राहतो. तिकडच्या समन्वयक बाईंनीही पत्रात विचारलं होतं, इतके कडक नियम कशासाठी. त्यांना लिहिलं की आमच्या मुलांना घर सुटता सुटत नाही, तुम्हाला कल्पना नाही.

सरुबाई ऐकून घेत होत्या. जाताना म्हणाल्या, "तुमी आईसारख्याच की. तुमी बघालच." अशा वाक्याने माणूस उगीच बांधला जातो.

घरी सांगितलं तर दीनानाथ म्हणाला, "रविवारीच फोन? तुरुंगातसुद्धा हल्ली बरे नियम आहेत." तेवढ्यात नागपूरहून लेकीचा रोजचा फोन आला. तिची पोळ्यांची बाई दोन दिवस आली नाही, त्यावर अर्धा तास गेला.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

आज मैना निघाली. विमानाआधी घरी भेटायला आली. खाली आमच्या सदाशिव पेठेत गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे जयसिंग सरुबाईंना घेऊन गल्लीला फेऱ्या मारत राहिले. ती एकटीच तीन जिने चढून वर आली. पाया पडली. दीनानाथने तिला साखरेच्या डब्यातली साखर हातावर दिली.

दारात म्हणाली, "येते, मॅडम."

"काय म्हणायचं ठरलंय?"

ती हसली, खाली बघितलं आणि जिना उतरू लागली. पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "येते, मॅडम."

"तुझा पहिला नापास," दीनानाथ म्हणाला.

९ सप्टेंबर, रविवार

दोघांच्या नोंदी दर रविवारी येतात. मी पाचपैकी गुण देते. शिवाय दर बुधवारी पंधरा मिनिटं व्हिडिओवर बोलणं. नियाजला नव्याचे नऊ दिवस संपायच्या आत तीन मित्र झाले आहेत. त्यातला एक मासेमारी शिकवतोय.

मैनाची नोंद: 'इथे बसमध्ये कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही. दोन सीट असल्या तरी एकीवर पिशवी ठेवतात. जेवणही सगळे आपापल्या खोलीत, दार लावून. मी पहिले चार दिवस दार उघडं ठेवून जेवले, कोणी येईल म्हणून. परवा शेजारच्या मुलीने विचारलं, तुझं दार बिघडलंय का.'

फार छान लिहिलंय. मी शेरा दिला: 'निरीक्षण अचूक. पण "कोणी येईल म्हणून" ही तुझी अपेक्षा आहे, त्यांची उणीव नव्हे. ३/५.'

२३ सप्टेंबर, रविवार

या आठवड्यात निराशा. मैनाने संस्कृतीबद्दल काहीच लिहिलं नाही. गणपतीत घर कसं भरलेलं असतं तेच दीड पान. शेवटी: 'मला इथे करमत नाही. कोणाचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मी नळ सोडून ठेवते.'

पाणी वाया घालवू नये हे तरी तिला कळायला हवं. शेरा: 'आपल्या घराचा चष्मा लावून परक्याकडे बघितलं की असंच दिसतं. तिथल्या शांततेला एक अर्थ आहे, तो शोध. २/५.'

आधी तीन लिहिले होते, ते खोडून दोन केले. पण गुणांत माया करायला लागलं की संपलंच.

३ ऑक्टोबर, बुधवार

फरक पडला. मैनाची रविवारची नोंद सुरेख होती. शांततेवर. 'इथे न बोलणं म्हणजे दुसऱ्याला त्रास न देणं. मीही आता दार लावून जेवते.' ४/५. छडी लागे छमछम उगीच म्हणत नाहीत.

व्हिडिओवर बारीक वाटली. विचारलं तर म्हणाली, "चालतंय, मॅडम." बोलणं संपताना नेहमीसारखं "येते, मॅडम." मी चिडवलं, "अजून येतेच?" ती ओशाळून हसली.

१४ ऑक्टोबर, रविवार

मैनाचं स्वतंत्र पत्र. दिवाळीला दहा दिवस घरी येऊ का? वडील तिकीट काढायला तयार आहेत, वर्ग बुडणार नाहीत, तिकडच्या बाईंची हरकत नाही, फक्त तुमची परवानगी.

दोन तास घेतले. दीनानाथला विचारलं. तो म्हणाला, "येऊ दे की पोरीला. फराळ खाईल आणि जाईल."

पण मग ऐन रंगात आलेला प्रयोग मोडतो. दहा दिवस अठरा माणसांत राहून परत गेली की पहिल्या दिवसापासून सुरुवात. आणि नियाजला काय सांगायचं? लिहिलं: 'ही ओढ ओलांडणं हाच या अभ्यासाचा गाभा आहे. तू ओलांडशील याची मला खात्री आहे.' हे खरंच मनापासून लिहिलं.

उत्तर तासाभरात आलं. 'चालेल, मॅडम.' पहिल्यांदाच 'चालेल' असं शुद्ध.

७ नोव्हेंबर, बुधवार. लक्ष्मीपूजन

लेक, जावई आलेत. घर भरलंय. आजचे व्हिडिओ रद्द केले, दोघांना शुभेच्छा पाठवल्या. नियाजने उलट करंजीचा फोटो पाठवला, त्याच्या फिनिश मित्राने केलेली, मोदकासारखी दिसते. मैनाने 'आपणांसही' एवढंच लिहिलं.

१८ नोव्हेंबर, रविवार

नियाजचा निरोप: 'मॅडम, मैना खूप कमी बोलते. मेसेजला दोन दोन दिवस रिप्लाय नाही. शनिवारी ट्रेनने जाऊन बघून येऊ का?'

मुलगा चांगला आहे. पण हा तोच आपला स्वभाव. कोणी गप्प बसलं की आपल्याला वाटतं बिनसलं. त्याला समजावलं की ती तिथली शांतता शिकते आहे, तिचा आदर कर. शिवाय नियम दोघांना आहे.

मैनाची आजची नोंद तर संग्रही ठेवावी अशी. 'तळं गोठलं. काठावर एक म्हातारी बाई भेटली. त्या दाराच्या प्रश्नानंतर माझ्याशी आपणहून बोललेली पहिलीच. म्हणाली, जानेवारीपर्यंत यावर पाय ठेवायचा नाही. वरून पक्कं दिसतं, आतून कच्चं असतं. इथल्या लहान पोरांनाही हे माहीत आहे. मी थँक्यू म्हणाले. ती गेली. मी बराच वेळ तिथेच उभी होते.'

स्थानिक ज्ञान, स्थानिक व्यक्तीकडून, संवादातून. यालाच तर जाण म्हणतात. ५/५. पहिले पाच.

३ डिसेंबर, सोमवार

परतीआधीच्या चाचणीचे निकाल आले. नियाज बहात्तरवरून सत्त्याऐंशी. मैना एकेचाळीसवरून शंभर.

शंभर. मी दोनदा बेरीज केली. वीसही प्रश्नांना पाच. चौदाव्यालासुद्धा: 'परक्या ठिकाणी अडचण आली तर मी मोकळेपणाने मदत मागते.' तिथे जुलैत तिने एक दिला होता.

प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, केंद्राचं जवळपास झालंच म्हणा." घरी येताना चितळ्यांकडे वळले. दीनानाथने आंबाबर्फी तोंडात टाकली आणि म्हणाला, "सगळ्यांना पाच? इतकं सुखी माणूस पुण्यात तरी सापडायचं नाही." त्याला प्रत्येक गोष्टीत खोच काढायची सवय आहे. मी लक्ष दिलं नाही.

५ डिसेंबर, बुधवार

आज मैनाशी बोलणं. दुपारचे अडीच वाजले होते तिकडे आणि खिडकीत अंधार. मी तिचं कौतुक केलं, केंद्राचं सांगितलं, तुझ्यामुळे झालं म्हणाले. ती ऐकत होती. केस नीट विंचरलेले, खोली एकदम आवरलेली. पलंगावर घडी घातलेल्या चादरी.

"सामान बांधलंस वाटतं? अजून सोळा दिवस आहेत."

"आवरून ठेवलं."

मग तिने विचारलं, "तुमचं काम झालं ना, मॅडम?"

"झालं की. अगदी मनासारखं."

"मग जाते, मॅडम."

ऐकलंत? मी इतकी खूश झाले की टाळी वाजवली. जूनपासून जी गोष्ट तिच्या जिभेवर बसेना ती आज आपोआप आली, कोणी न सांगता. म्हटलं, "शाबास. शेवटी शिकलीस." ती हसली आणि पडदा काळा झाला.

अहवालाच्या शेवटी हाच प्रसंग घालायचा. आकड्यांपेक्षा लोकांना असं काही वाचायला आवडतं.

७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सव्वाअकराला विभागात तिकडच्या बाईंचा फोन. मैना काल तळ्यावर गेली होती. काठापासून खूप आत. बर्फ कच्चा होता. आज पहाटे सापडली.

त्या रडत होत्या. म्हणाल्या, बाहेरून आलेल्यांना कळत नाही, आम्ही पाटी लावायला हवी होती. अपघात, असं पोलिसांनी लिहिलं आहे. मी हो म्हणाले.

प्राचार्य म्हणाले, घरच्यांना तुम्हीच सांगा, तुमची ओळख आहे. फोन सरुबाईंनी उचलला. माझं नाव ऐकून म्हणाल्या, "आज रविवार न्हाई की, मॅडम."

पुढचं लिहिता येत नाही.

१० डिसेंबर, सोमवार

तिच्या सगळ्या नोंदी काढून बसले. काहीतरी शोधायचं होतं, कुठे तरी ती मजेत होती असं. तळ्याची नोंद वाचली आणि फाइल मिटली. तिच्याखाली माझ्याच अक्षरात पाच.

लेकीला आज फोन केला नाही. तिने तीनदा केला, मी उचलला नाही. शेवटी दीनानाथने उचलून तिला सांगितलं की आई झोपली आहे. मी त्याच्या समोर बसले होते.

१७ डिसेंबर, सोमवार

नियाज तिला घेऊन आला. कागदपत्रं, दवाखाना, विमानतळ, सगळीकडे तोच उभा होता, कारण तिथे तिच्या ओळखीचं दुसरं कोणीच नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन गेला. दाढी वाढलेली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मॅडम, तिने ऑक्टोबरमध्ये विचारलं होतं, एकदा भेटतोस का. मी म्हटलं मॅडमचा रूल आहे. मग नोव्हेंबरमध्ये मी तुम्हाला विचारलं."

मी पाण्याचा पेला पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

"तुम्ही म्हणालात, तिच्या शांततेचा आदर कर. मी केला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. दारात तो थांबला. दीनानाथ त्याला म्हणाला, "येत जा रे." त्याने मान हलवली आणि गेला. 'येतो' म्हणाला नाही, 'जातो'ही नाही. तो गेल्यावर दीनानाथने मला विचारलं, "बुधवारी तुझ्याशी बोलली ना ती? काय म्हणाली?" मी म्हटलं, नेहमीचंच.

माझ्या हातून काय झालं हे मला कळत नाही असं नाही. पण मी ते एका वाक्यात लिहायला गेले की वाक्य अर्ध्यात फिरतं आणि 'नियम सगळ्यांना सारखे होते' असं काहीतरी होऊन बसतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.

२० डिसेंबर, गुरुवार

प्राचार्यांनी बोलावलं. अहवाल द्यायची मुदत उद्या. मी विचारलं, मैनाचे गुण ठेवायचे की काढायचे? ते म्हणाले, "अपघाताचा आणि गुणांचा काय संबंध, बाई? चाचणी तिने दिलेली आहे. उलट हा तिचा सन्मानच." शिवाय एका विद्यार्थ्यावर अहवाल होत नाही.

मी ठेवले. सुरुवातीला श्रद्धांजलीची एक ओळ घातली. शेवटचा प्रसंग मात्र काढला. दीनानाथने टंकलेला मजकूर वाचला, चष्मा काढून ठेवला आणि फिरायला निघून गेला. आज त्याने खोच काढली नाही. निदान काहीतरी बोलायला हवं होतं.

२३ डिसेंबर, रविवार

धायरीला जाऊन आले. कोणाला बरोबर नेलं नाही. रिक्षावाल्याला बेनकरांचं घर विचारावं लागलं नाही, गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती.

खालच्या मोठ्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मैनाचा फोटो, समोर दिवा. कॉलेजच्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा केलेला, त्यात ती जरा घाबरलेली दिसते. जयसिंग दाराजवळ जमिनीवर बसून होते. मला बघून उठले, पुन्हा बसले. मला वाटलं होतं ते बोलतील, ओरडतील, जा म्हणतील. मी त्याची तयारी करून गेले होते. सरुबाईंनी हाताने जवळची जागा थोपटून दाखवली. मी बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

मग म्हणाल्या, "लोक कायबी बोलत्यात, मॅडम. पोरगी मुद्दाम गेली म्हनत्यात."

मी खाली बघत होते. फरशीवर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता, त्यावर साय धरली होती.

"मी त्यास्नी सांगते, तसं न्हवतं. दर रविवारी फोन ठेवताना येते म्हनायची. शेवटच्या रविवारीबी म्हनली, येते आई. मी त्याच्यावरच हुते. जाते म्हनली असती ना, तर ह्यांना तवाच्या तवा इमानात बसवलं असतं. घेऊनच आले असते तिला. आमच्या पोरीच्या तोंडात त्यो शब्दच न्हवता."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "बुधवारी तुमच्याशी बोलली न्हवं? तुमाला काय म्हनली शेवटी?"

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. जयसिंगांनी मान वर केली.

"येते म्हणाली," मी सांगितलं.

सरुबाईंनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा, कसं लिहू, सैल झाला. "बगा," त्या बायकांना म्हणाल्या, "मॅडमलाबी येते म्हनली. यायचीच हुती पोरगी. पाय घसरला." शेजारच्या बाईने ते पलीकडच्या बाईला सांगितलं, तिने पुढच्या. माझं वाक्य खोलीभर फिरून दारापर्यंत गेलं. जयसिंगांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडले.

मी हे त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, ते मला ठाऊक नाही. वाटेत रिक्षात ठरवत होते. अजून ठरलेलं नाही.

अर्ध्या तासाने उठले. सरुबाई दारापर्यंत आल्या. चपला घालून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि त्या बघत राहिल्या, मी काय म्हणते म्हणून. दुःखाच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत. दुसरा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी हात जोडले आणि तशीच चालू लागले.